ढलपी कुठाय?

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी काठी आहे आणि आज मी भयंकर खुशीत आहे. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आधी एक लांबलचक उसासा टाकतात, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे उसासा नाही. माझ्याकडे थोडा राग आहे, पुष्कळ आनंद आहे आणि तळाला आज सकाळची ओली माती आहे. ही माती कशी लागली, तेच सांगायचंय.

मी गोल्फची काठी. गोल्फ म्हणजे मोठ्या हिरवळीवर लिंबाएवढा पांढरा चेंडू ठेवायचा आणि काठीने टोलवत टोलवत लांबच्या एका भोकात घालायचा. खेळाडूच्या पिशवीत पुष्कळ काठ्या असतात, मी त्यातली सात नंबरची. कारखान्यात मला लालबुंद तापवलं, साच्यात दाबलं, चाकावर घासलं. घासणाऱ्या कारागिराने मला उजेडात धरून एक डोळा मिटून पाहिलं आणि माझं तोंड तिरकं ठेवलं. मुद्दाम तिरकं! चेंडूला वर न्यायचं काम त्या तिरकेपणाचं. मारणाऱ्याने मला नुसतं खाली आणायचं, चेंडू आपोआप वर जातो. एवढं एक वाक्य लोकांच्या डोक्यात शिरलं असतं तर माझी अर्धी जिंदगी वाया गेली नसती.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. माणूस वाईट नव्हता, पण चेंडूवर त्यांचा विश्वास नव्हता. तो वर उडेल की नाही या धास्तीने ते त्याला खालून उचलायला बघायचे, घमेल्याने माती उचलावी तसे. मग काय व्हायचं? सगळा भार मागच्या पायावर, गुडघे सरळ, अंग वर, हात आखडलेले. मी खाली पोचायच्या आतच वर ओढली जायची आणि माझी कड बसायची चेंडूच्या बरोबर डोक्यावर. टप्प! चेंडू गवतातून सरपटत वीस पावलांवर जाऊन बसायचा. खेळणारे याला ‘टॉप मारला’ म्हणतात. मी टपली म्हणते.

टपली बसली की चहूकडून एकच आरोळी. “डोकं खाली, डॉक्टर! डोकं खाली ठेवा!”

मित्रांनो, या आरोळीचा मला संताप आहे. ज्याला खेळातलं काही कळत नाही तोही हे ओरडतो, आणि ओरडून झालं की आपण शिकवलं अशा थाटात पाणी पितो. डॉक्टरांनी डोकं इतकं खाली घातलं की हनुवटी छातीला टेकली, खांदा फिरायला जागा उरली नाही. टपल्या दुप्पट झाल्या. बिघाड डोक्यात नव्हताच, उचलायच्या हौसेत होता. पण कोण सांगणार? आणि एक दिवस लागोपाठ चार टपल्या बसल्यावर डॉक्टर म्हणाले, “काठीच भिकार आहे!” आणि मला गरागरा फिरवून झुडपात भिरकावलं.

भिकार मी! बरं.

मला कुणीतरी उचलून दुरुस्तीच्या खोलीत आणलं आणि बेवारस काठ्यांच्या पिंपात डोकं खाली करून उभं केलं. बघा, तिथेही डोकं खालीच. तीन वर्षं मी तशी उभी होते. मुठीचं रबर तडकलं, खाचांत गंज चढला. डॉक्टर चौकशीलासुद्धा आले नाहीत. त्यांनी नवी आणली होती म्हणे, चकचकीत. तिनेही टपल्याच मारल्या असणार, पैज लावते.

आता माझी खरी माणसं येतात.

दुरुस्तीच्या खोलीत एक म्हातारे मेस्त्री होते. कानावर पेन्सिल, बोटांना कायम डिंकाचा वास. आणि मैदानावर एक बाई होती, तिला सगळे खड्डेबाई म्हणत. तोंडावरही म्हणत. तिचं काम असं, की खेळाडूचा फटका बसला की काठीबरोबर गवताचा एक तुकडा उडतो, मातीसकट. त्याला ढलपी म्हणतात. ढलपी उडाली की मागे खड्डा राहतो. खड्डेबाईने बादली घेऊन हिंडायचं, खड्ड्यात वाळू आणि बियाणं भरायचं, पायाने दाबायचं, पुढे जायचं. बारा वर्षं. ऊन असो, वारा असो, लोक फाडणार आणि ती भरणार. एकाने तरी मागे वळून “बाई, राहू द्या, मी भरतो” म्हटलं असेल? नाव नको.

एका सकाळी ती मेस्त्रींच्या खोलीत येऊन बादलीवरच बसली.

“काका, यंत्र येतंय.”

“कसलं?”

“वाळू भरायचं. महिना संपला की माझं काम बंद. ऑफिसातून सांगितलं.”

मेस्त्रींनी हातातली काठी खाली ठेवली. “मग?”

“मग परीक्षा देते.”

मेस्त्री आधी हसले. मग तिचं तोंड बघून हसायचे थांबले.

आमच्या मैदानाचा एक जुना रिवाज आहे. वर्षातून एक दिवस हिरवळीला विश्रांती म्हणून खेळ बंद असतो. त्या दिवशी तिथला कुठलाही कामगार मुलांच्या वर्गाचा शिक्षक व्हायची परीक्षा देऊ शकतो. दहा चेंडू, एक काठी, नव्वद पावलांवर ओढा. दहांतले सात उडत ओढ्यापार गेले की पास. चार चुकले की काठी खाली ठेवायची. मुलांना शिकवणारे आधीचे गृहस्थ नोकरी सोडून गेले होते, जागा रिकामी होती, आणि परीक्षेला तीनच आठवडे उरले होते.

“काठी आहे का तुझ्याकडे?” मेस्त्रींनी विचारलं.

ती उठली, पिंपापाशी आली, आणि चाळीस-पन्नास काठ्यांतून तिने मला ओढलं. का मला? माहीत नाही. मेस्त्रींनी मला घासलं, रॉकेलने गंज काढला, नवी मूठ चढवली. “तुला जरा लांब आहे. दोन बोटं खाली धर,” म्हणाले. मित्रांनो, तीन वर्षांनी कुणीतरी हात लावला होता! आता दाखवते सगळ्यांना, म्हटलं, आता आभाळ फाडते!

पहिला चेंडू. टप्प.

दुसरा. टप्प. तिसरा, चौथा, दहावा. काम संपल्यावर उन्हं उतरेपर्यंत तिने तीस चेंडू मारले, त्यांतले सव्वीस सरपटले. मी रागाने लाल व्हायचीच बाकी होते. मला वाटलं, आली, दुसरी डॉक्टरीण आली माझ्या नशिबी! पण नाही, हे वेगळं होतं. ही चेंडू उचलायला बघत नव्हती. तिचा हात सरळ यायचा, भार पुढच्या पायावर यायचा, सगळं झकास. आणि जमीन टीचभर उरली की तिचे हात चटकन मागे यायचे. तव्याला बोट लागावं तसे. दरवेळी, अगदी शेवटच्या क्षणाला.

मोठ्यांना शिकवणारे कोच सर तिथून चालले होते. टोपी, शिट्टी, पांढरे बूट. न थांबता म्हणाले, “बाई, डोकं खाली!”

आलंच ते.

खड्डेबाईने डोकं खाली ठेवलं. चार दिवस ठेवलं. टपल्या तशाच, वर मान आखडली. मला टॉवेलमध्ये गुंडाळून ती घरी न्यायची. घरी दोन खोल्या, मधला बोळ आणि एक सासूबाई. सासूबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, “काठी आणलीस? माझ्यासाठी? मी अजून धडधाकट चालते बरं का!”

“तुमच्यासाठी नाही आई, खेळायची आहे.”

“या वयात?”

“या वयात.”

सासूबाईंनी मला हातात घेतलं, उलटीपालटी केली आणि कपाटाखाली गेलेली चप्पल माझ्या तोंडाने बाहेर ओढली. “आहे कामाची,” म्हणाल्या. मग बोळात खड्डेबाईने मला फिरवायला घेतलं आणि पहिल्याच झटक्यात दिवा फोडला. काचा गोळा करता करता सासूबाई म्हणाल्या, “बारा वर्षं लोकांचे खड्डे बुजवलेस, आता घरात पाड!” पण मानेला मलमही त्यांनीच चोळलं. चोळताना विचारलं, “जमेल ना गं?” खड्डेबाईने मलमाची डबी बंद केली.

आठवडा गेला. दुसराही निम्मा गेला. एका संध्याकाळी तिने मला मेस्त्रींच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “काका, ठेवून द्या पिंपात. नाही जमत.”

पिंप! पुन्हा ते पिंप!

मेस्त्रींनी मला उचललं. तोंड पाहिलं, कड पाहिली, मग उलटं करून तळ पाहिला. तळावरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे बघत राहिले.

“धुतलीस हिला?”

“नाही.”

“पुसलीस?”

“नाही हो. मारून थेट इकडेच आले.”

“किती चेंडू मारलेस आज?”

“चाळीसेक.”

“मग माती कुठाय?”

खड्डेबाईने वाकून तळ पाहिला.

“चाळीस फटके मारले, गवताची एक काडी नाही हिच्या तळाला! तू जमिनीला शिवतच नाहीयेस, पोरी. ढलपी कुठाय तुझी?”

“ढलपी कशाला काढू?” ती एकदम उसळली. “हिरवळ फाटेल ना!”

मेस्त्री हसायला लागले. इतके हसले की खोकला लागला, कानावरची पेन्सिल पडली. “अगं, फाटायलाच हवी! आधी चेंडू, मग जमीन. जमीन नाही लागली म्हणजे काठी खालपर्यंत गेलीच नाही. मग लागणार कुठे? चेंडूच्या डोक्यावर!”

“तुम्हाला हसायला काय जातंय? फाडणाऱ्याचं काय, फाडतो आणि शिट्टी वाजवत निघून जातो. बारा वर्षं भरतेय मी! एकेका खड्ड्याला दीड महिना लागतो भरून यायला, माहितीय? आणि मीच फाडू?”

हे बोलताना तिचा आवाज चिरकला होता आणि तिचं तिलाच कळलं होतं. हातांना जे बारा वर्षं शिकवलं, तेच हात करत होते. हिरवळ वाचवत होते! मित्रांनो, ही चूक जगात दुसऱ्या कुणाकडून होणं शक्य नव्हतं. घाबरट लोक टपली मारतात, आळशी मारतात, डॉक्टरांसारखे उतावळे मारतात. ही माया करून मारत होती.

मग ती हळूच म्हणाली, “काका, एक सांगू? चांगल्या खेळाडूचा खड्डा मला लांबून ओळखू येतो.”

“कसा?”

“चेंडू होता तिथे नसतोच तो. चेंडूच्या पुढे असतो, चार बोटं पुढे सुरू होतो. तळहाताएवढा, उथळ, बशीसारखा. आणि ज्यांचा चेंडू उडत नाही त्यांचा एकतर मागे असतो, नाहीतर नसतोच. मागच्या पट्टीवर एक उंच गृहस्थ येतो बघा, तो खेळून गेला की ओळीने बशा. डॉक्टर यायचे तेव्हा मला कामच नसायचं.”

मेस्त्रींनी पडलेली पेन्सिल उचलून पुन्हा कानावर ठेवली. “आणि तू माझ्याकडून शिकतेस? अगं, तुला सगळं येतंय! सर टोप्या बदलत बसले, पण हे त्यांनी बघितलं नसेल कधी.”

त्यानंतर जे झालं ते सांगताना माझी पकड सुटते, आवरा मला!

पंपाच्या खोलीमागे गवताचा एक तुकडा होता. पुढच्या आठवड्यात पाइपसाठी तो खणणारच होते. खड्डेबाईने तिथे चुन्याची एक रेघ ओढली. चेंडू नाही, काही नाही. रेघेच्या अलीकडे गवत हलता कामा नये, पलीकडे ढलपी निघाली पाहिजे. एवढंच. तिने मला उचललं, खाली आणलं, आणि हात परत मागे आले. पुन्हा. पुन्हा मागे. मग तिने दात खाल्ले, “हा तुकडा जाणारच आहे, हा तुकडा जाणारच आहे,” असं पुटपुटत मला सोडलं.

थप्प!

माती! ओली, थंड, मुळांच्या वासाची माती! माझ्या तळाखालून सरकली, ढलपी पंख फुटल्यासारखी उडाली आणि रेघेच्या पलीकडे बशी उमटली. तळहाताएवढी. मी कारखान्यातून निघाल्यापासून जिची वाट बघत होते ती हीच! खड्डेबाई खड्ड्याकडे बघत राहिली, मग धावत जाऊन बादली घेऊन आली, वाळू-बियाणं भरलं, पायाने दाबलं. जो तुकडा आठवड्यात खणणार होते, तो! मेस्त्री कपाळावर हात मारून म्हणाले, “भरतेस कशाला?” ती म्हणाली, “मग पुढचा फाडता येतो.”

तिथेच तिची सगळी गोम होती. भरायची सोय जवळ असली की हात मागे येत नव्हते. शंभर ढलप्या काढल्या तिने रेघेवर, शंभर भरल्या. मग रेघेवर चेंडू ठेवला. मित्रांनो, तो चेंडू उडाला! टप्प नाही, कट्ट! कडक, कोरडा, एकच. मी तिरक्या तोंडाने त्याला ढकललं आणि तो चढत गेला, चढत गेला, पंपाच्या खोलीवरून पार. दोघं तोंड उघडं ठेवून वर बघत होती. आता बघा, कुणाचं डोकं खाली होतं का?

परीक्षेचा दिवस उजाडला. कोच सर वही घेऊन आले. माळी, सफाईवाले, ऑफिसातला कारकून, सगळे बघायला जमले. सासूबाई घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि सगळ्यांच्या पुढे बसल्या. सरांनी मारायची जागा दाखवली आणि खड्डेबाईचा चेहराच उतरला. ती नवी हिरवळ होती. मागच्याच महिन्यात गुडघ्यांवर बसून तिने स्वतः लावलेली.

“सांभाळून हं,” सर म्हणाले, “ताजी आहे.”

टप्प.

टप्प.

टप्प.

तीन! लागोपाठ तीन! आणखी एक चुकला की संपलं. कारकून शेजाऱ्याच्या कानाशी लागून हसला. सरांनी वहीत तीन रेघा मारल्या आणि काय म्हणाले सांगायला नकोच. “बाई, डोकं...”

“थांबा,” खड्डेबाई म्हणाली.

तिने मला गवतावर आडवं ठेवलं आणि चालायला लागली. सगळ्यांना वाटलं, चालली घरी. मला पिंप दिसायला लागलं. पण ती शेडपर्यंत गेली आणि परत आली तेव्हा हातात तिची बादली होती. बादली तिने चेंडूशेजारी ठेवली. कडीचा आवाज झाला, खण्ण.

“हे कशाला?” सरांनी विचारलं.

“फाडणार आहे. भरायला नको?”

कट्ट!

ढलपी माझ्यापुढून उडाली, चेंडू ओढ्यावरून गेला आणि पलीकडच्या चढावर जाऊन टेकला. “गेला!” माळी ओरडला. सर म्हणाले, “पुढचा मारा.” खड्डेबाई खाली बसली होती. मूठभर वाळू, चिमूटभर बियाणं. “भरून झाल्यावर,” ती म्हणाली.

कट्ट! भरला. कट्ट! भरला. सर घड्याळात बघत होते, पण नियमात वेळ कुठेच लिहिलेली नव्हती, आणि सासूबाई त्यांच्याकडे रोखून बघत होत्या. चार, पाच, सहा! सहाव्याला कारकून टाळ्या वाजवत होता, मघाचा हसणारा! शेवटचा, दहावा चेंडू ठेवताना तिचे हात घामाने ओले झाले. तिने मला मांडीवर पुसलं, वाळूने हात कोरडे केले आणि जमिनीकडे पाहिलं. चेंडूकडे नाही. चेंडूच्या पुढे, चार बोटं, जिथे बशी उमटणार होती तिथे.

कट्ट.

तो सगळ्यांत उंच गेला. ओढ्यापार पडला आणि माणसं धावली. खड्डेबाई मात्र गुडघ्यावर बसली होती.

“झालं की आता, उठा!” सर म्हणाले.

“हा भरते आणि उठते. तुम्ही तोवर सात लिहा.”

सरांनी लिहिले. एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगते, का-कू न करता लिहिले.

यंत्र आलं, घरघरत हिंडायला लागलं. खड्डेबाई मुलांच्या वर्गावर गेली. मेस्त्रींनी करवत घेतली आणि माझी दांडी कापली, वीतभर. दुखलं? छे! मी आता लहान मुलांची सात नंबर आहे, इवल्या इवल्या हातांची. वर्गाचा पहिला धडा काठीचा नसतोच. प्रत्येक मुलाला आधी वाळू-बियाण्याचा एक डबा मिळतो. मग रेघ, मग काठी. आणि कुणाची टपली बसली की बाकीची पोरं “डोकं खाली” म्हणत नाहीत. एका सुरात विचारतात, “ढलपी कुठाय?”

आज सकाळी वर्गात नवी मुलगी आली, आजोबांचं बोट धरून. आजोबांना मी चालीवरून ओळखलं. तेच, दातांचे डॉक्टर! त्यांनी मला उचललं, तोलून पाहिलं. “वा,” म्हणाले, “अशी काठी आमच्या वेळी नव्हती.”

नव्हती! ऐकलंत ना?

“थांब, तुला दाखवतो,” नातीला म्हणाले, वाकून उभे राहिले आणि चेंडूला खालून उचलायला गेले.

टप्प.

चेंडू सरपटत बादलीला जाऊन आपटला. कुणी हसलं नाही. सकाळपासून बाकीच्या पोरांचं ऐकत असलेली नात पुढे झाली, खाली बसली, गवतावर हात फिरवून पाहिला आणि मान वर करून म्हणाली, “पण आजोबा, ढलपी कुठाय?”

डॉक्टर खड्डेबाईकडे बघायला लागले. ती म्हणाली, “उचलू नका त्याला डॉक्टर. ते काम काठीचं आहे. तुम्ही फक्त तिला खाली जाऊ द्या.” आणि त्यांच्या हातात तिने एक डबा दिला.

सहाव्या फटक्याला डॉक्टरांनी ढलपी काढली, मित्रांनो. माझ्या तळाला लागलेली ही माती त्यांचीच. आणि चेंडू कुठे गेला ते न बघता तो म्हातारा माणूस गुडघे कुरकुरवत खाली बसला आणि खड्डा भरायला लागला.

म्हणून एवढंच मागते. चूक झाली की हातातल्या वस्तूला भिरकावू नका, तिचा तळ उलटून बघा. वापरून झालं की आमची माती पुसा, आम्हाला गंजू देऊ नका. आणि जमीन फाडायला घाबरू नका, पण डबा बरोबर घेऊन या. तुमचा खड्डा भरायला आता खड्डेबाई येणार नाही. तिचा वर्ग चालू आहे.